सहाची राजवट

१९७७-७८ च्या खंडात ‘जर्नल ऑफ रिक्रिएशनल मॅथेमॅटिक्स’ या अमेरिकी नियतकालिकाने हॅरी नेल्सन यांचा एक प्रश्न छापला. लागोपाठच्या दोन मूळ संख्यांमध्ये कोणते अंतर सर्वांत जास्त वेळा पडते? नियतकालिक करमणुकीचे. कोडी, जादूचे चौरस, अंकांच्या गमतीजमती असा त्याचा मजकूर. आपल्या देवळालीच्या द. रा. कापरेकरांचे लेखनही त्यात आले आहे. जडजंबाळ गणित करणारे लोक अशा नियतकालिकाकडे सहसा फिरकत नाहीत. या प्रश्नाकडे मात्र ते वळले.

नेल्सन कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत नोकरीला होते. अण्वस्त्रांची आकडेमोड चालणाऱ्या या प्रयोगशाळेत त्या काळचे सर्वांत ताकदवान संगणक असत. १९७९ मध्ये नेल्सन आणि डेव्हिड स्लोविन्स्की यांनी क्रे संगणकावर १३,३९५ अंकी मूळ संख्या शोधली. ‘क्रे ब्लिट्झ’ या बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमच्या कर्त्यांतही नेल्सन होते आणि त्या प्रोग्रॅमने १९८३ व १९८६ अशी दोनदा संगणकांची जागतिक स्पर्धा जिंकली. थोडक्यात, ताकदवान यंत्र हाताशी असले की त्याला काय विचारायचे, हे कळणारा माणूस.

प्रश्न पेन्सिल-कागदावर तपासता येतो. १०० च्या आत २५ मूळ संख्या आहेत, म्हणजे मधली अंतरे २४. २ आणि ३ यांच्यातले १ हे अंतर एकदाच पडते, कारण त्यापुढच्या सगळ्या मूळ संख्या विषम. उरलेल्यांत २ हे अंतर आठ वेळा, ४ सात वेळा, ६ सात वेळा आणि ८ एकदाच, ८९ ते ९७. म्हणजे शंभरीत दोन पुढे, पण निसटताच. १०१ वर चार त्याला गाठतो, १३१ वर एकटा पुढे जातो, १३९ वर पुन्हा बरोबरी, १५१ वर दोन परत डोके वर काढतो. ही ओढाताण काही शेकड्यांपर्यंत चालते आणि तोवर मागून सहा येत असतो. ९४१ पर्यंत मोजले तर चार आणि सहा यांची प्रत्येकी ३९ अंतरे भरतात. पुढची मूळ संख्या ९४७. अंतर सहा. इथून सहाची जी राजवट सुरू झाली, तिला आजवरच्या कुठल्याही मोजणीत आव्हान मिळालेले नाही. हजाराच्या आत दोन ३५ वेळा, चार ४० वेळा, सहा ४४ वेळा. आणि पुढे ही तफावत वाढतच जाते.

प्रश्न इतका साधा असूनही तो विसाव्या शतकाच्या शेवटच्या पावात विचारला जावा, याचे नवल वाटते. कारण मोजणीची सामग्री दीडशेहून जास्त वर्षे तयार होती. नेदरलँड्समधल्या डेव्हेंटरच्या चेर्नाकने १८११ मध्ये दहा लाखांच्या थोडे पुढपर्यंतच्या संख्यांचे अवयव छापले. पॅरिसच्या बुर्कहार्टने १८१४ ते १८१७ या काळात तीस लाखांपर्यंत मजल मारली. हॅम्बुर्गचा झकारियास डाझे तोंडी आकडेमोडीचे प्रयोग करून पोट भरणारा माणूस. गाऊसने त्याची ती ताकद सत्कारणी लावायला सुचवले आणि त्याने साठ लाखांपासूनची कोष्टके हाती घेतली. ती पुरी होण्याआधीच, १८६१ मध्ये, तो वारला. मधली, तिसापासून साठ लाखांपर्यंतची रिकामी जागा जेम्स ग्लेशरने भरून काढली. हा ग्रिनिचच्या वेधशाळेतला हवामानतज्ज्ञ. १८६२ मध्ये बलूनमधून तो इतका उंच गेला होता की विरळ हवेत त्याची शुद्धच हरपली. तोच माणूस पुढे खाली बसून लाखोंच्या कोष्टकांत बुडाला. त्याच्या मुलाने, जे. डब्ल्यू. एल. ग्लेशरने, या कोष्टकांतून जुळ्या मूळ संख्या, म्हणजे दोनच्या अंतराच्या जोड्या, मोजून छापल्या.

आणि प्रागचा प्राध्यापक याकुब कुलिक. जवळजवळ वीस वर्षे खपून त्याने एकट्याने दहा कोटींपर्यंतच्या संख्यांचे अवयव लिहून काढले. हस्तलिखित त्याच्या मृत्यूनंतर व्हिएन्नाच्या अकादमीकडे गेले, तिथे त्याचा एक खंड हरवला आणि उरलेल्यांत चुका निघाल्या. कुलिकचे नाव आज गणिताच्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक नसते. हा इतिहासाचा दुष्टपणा म्हणायचा की रीत, कोण जाणे. पुढे अमेरिकेतल्या डी. एन. लेमरने १९१४ मध्ये एक कोटीपर्यंतच्या मूळ संख्यांची जी यादी छापली ती अनेक दशके प्रमाण मानली गेली; त्या यादीत १ लाही मूळ संख्या म्हणून पहिली जागा होती, हे आज वाचताना गंमत वाटते.

एवढी कोष्टके होती, तरी नेहमीचे अंतर कोणते हे कुणी का विचारले नाही? मला वाटते, सगळ्यांचे डोळे टोकांवर होते. सर्वांत लहान अंतर, म्हणजे दोन, कधी संपते का? सर्वांत मोठे अंतर किती मोठे होऊ शकते? किंवा मग सरासरी. सरासरीचे श्रेय गाऊसचे. १७९२-९३ च्या सुमारास, पंधरा वर्षांचा असताना, त्याच्या हाती लॅम्बर्टची कोष्टके पडली आणि तो हजार-हजाराच्या टप्प्यांत किती मूळ संख्या आहेत ते मोजू लागला. रिकामा पाव तास मिळाला की एखादा हजार मोजून टाकायचा, ही सवय त्याला आयुष्यभर राहिली; १८४९ मध्ये बर्लिनच्या एन्के या खगोलशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्याने हे सगळे सांगितले आहे. त्याने हेरलेला नियम साध्या भाषेत असा: संख्या जितक्या अंकांची, त्याच्या साधारण २.३ पट तिच्या आसपासचे सरासरी अंतर. सहा-सात अंकी संख्यांत मूळ संख्या सरासरी चौदा-चौदाच्या अंतराने येतात, शंभर अंकी संख्यांत २३० च्या. १८९६ मध्ये आदामार आणि द ला व्हाले-पूसाँ यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे हे सिद्ध केले.

पण सरासरी एक सांगते आणि बहुमत दुसरेच. दहा लाखांजवळ सरासरी अंतर चौदा असताना सर्वांत जास्त वेळा पडते ते सहा. असे का?

कारण उघडे करून पाहिले तर फार सुंदर आहे. २ आणि ३ वगळता प्रत्येक मूळ संख्या सहाच्या कुठल्या तरी पटीच्या एक मागे किंवा एक पुढे असते. दोनचे अंतर पडायचे तर पहिली संख्या ‘एक मागे’ वालीच हवी: ११ आणि १३, २९ आणि ३१. चारचे अंतर पडायचे तर ती ‘एक पुढे’ वालीच हवी: १३ आणि १७. सहाला मात्र कुठूनही सुरुवात चालते. तीनच्या भाजकतेचा अडथळा त्याला लागतच नाही. म्हणून त्याला दोन आणि चारच्या दुप्पट संधी. आता हाच न्याय पाचला लावा. पहिली संख्या पाचने भागल्यावर बाकी १, २, ३ किंवा ४ उरेल. सहाची उडी मारताना बाकी ४ असली तर पुढची संख्या पाचच्या पटीत जाऊन पडते, म्हणजे चारांतली एक वाट बंद. तिसाच्या उडीला तीही वाट मोकळी. म्हणजे निव्वळ संधीच्या हिशेबात तीस हे अंतर सहाच्या सव्वापटीहून, नेमके सांगायचे तर ४/३ पट जास्त भाग्यवान. सात हा अवयवही घातला की २१० तिसाच्या ६/५ पट.

हा हिशेब पक्क्या सूत्रात बसवला तो इंग्लंडच्या हार्डी आणि लिटलवूड यांनी, १९२३ मध्ये ‘अ‍ॅक्टा मॅथेमॅटिका’त छापलेल्या लांबलचक शोधनिबंधात. दिलेल्या अंतराच्या मूळ संख्यांच्या जोड्या एखाद्या मर्यादेपर्यंत साधारण किती असतील, हे त्या सूत्राने सांगता येते. ज्या पद्धतीने ते तिथवर पोहोचले तिचा उगम हार्डी आणि रामानुजन यांच्या १९१८ च्या, संख्यांच्या विभाजनांवरच्या कामात होता. सूत्र अजून सिद्ध झालेले नाही. मोजणी मात्र जिथे जिथे केली तिथे त्याच्याशी तंतोतंत जुळत आली आहे.

मग तीस कधीच का जिंकत नाही? कारण नेल्सनच्या प्रश्नात ‘लागोपाठच्या’ हा शब्द आहे. ३० चे अंतर मोजायचे तर मधल्या जागेत एकही मूळ संख्या नको. दाट वस्तीतून तीस पावले चालायची आणि कुणी भेटता कामा नये, तसे हे. लहान संख्यांच्या प्रदेशात वस्ती इतकी दाट असते की तिसाचे भाग्य त्याच्या लांबीपायी वाया जाते. पण गाऊसचा नियम सांगतो की वस्ती पुढे विरळ होत जाते. म्हणजे लांबीचा दंड हळूहळू हलका होणार आणि अवयवांचा फायदा तसाच राहणार. एक दिवस तीस सहाला गाठणार.

हे पॉल एर्डॉश आणि अर्न्स्ट स्ट्राउस यांनी १९८० मध्ये ‘एलेमेंटे डर मॅथेमॅटिक’ या स्विस नियतकालिकातल्या छोट्या लेखात मांडले. एर्डॉश म्हणजे घर नसलेला, एका सुटकेसवर जगभर फिरणारा हंगेरियन. स्ट्राउस तरुणपणी प्रिन्स्टनला आइन्स्टाइनचा सहायक होता. हार्डी-लिटलवूडचे सूत्र खरे धरले तर कुठलेही अंतर कायमचे विजेते राहू शकत नाही, असे त्यांनी दाखवले. नेल्सनच्या प्रश्नाला कायमचे उत्तरच नाही. सहा, सहा, सहा असे यंत्र कितीही वेळ सांगत राहिले तरी ते शेवटी खोटे ठरणार.

मूळ संख्यांच्या राज्यात यंत्राने असे तोंडघशी पाडणे नवीन नाही. मेर्टेन्सने १८९७ मध्ये मांडलेली एक अटकळ जिथवर तपासली तिथवर खरी निघत होती. १९८५ मध्ये अँड्र्यू ओडलिझ्को आणि हेर्मान ते रीले यांनी ती खोटी ठरवली, आणि तीही एकसुद्धा विरोधी उदाहरण हातात न धरता. ते उदाहरण आजही कुणाला प्रत्यक्ष दिसलेले नाही. ओडलिझ्को हे नाव लक्षात ठेवावे, ते पुढे येणार आहे.

१९९३ मध्ये जॉन कॉनवेने या अंतरांचे बारसे केले: ‘जंपिंग चॅम्पियन’. एका मूळ संख्येवरून पुढच्या मूळ संख्येवर उडी, आणि ज्या लांबीच्या उड्या सर्वांत जास्त तो विजेता. कॉनवे प्रिन्स्टनचे प्राध्यापक, ‘गेम ऑफ लाइफ’चे जनक, शब्द शोधण्यात पटाईत.

त्याच वर्षांत व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजात थॉमस नायस्ली हे प्राध्यापक दोनच्या अंतराच्या मागे लागले होते. जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज अनंतापर्यंत केली तरी ती एका ठरावीक आकड्यापलीकडे जात नाही, हे नॉर्वेच्या विगो ब्रूनने १९१९ मध्ये सिद्ध केले होते. तो आकडा अचूक काढण्यासाठी नायस्ली साध्या संगणकांचा ताफा राबवत होते. १९९४ च्या जूनमध्ये उत्तरे जुळेनात. चूक कुठे ते शोधण्यात काही महिने गेले: प्रोग्रॅम तपासला, यंत्रे बदलली, आणि शेवटी बोट ठेवले ते इंटेलच्या नव्या पेंटियम चिपवर. ८२४६३३७०२४४१ आणि ८२४६३३७०२४४३ या जुळ्यांचे व्यस्त काढताना ती चिप भागाकार चुकवत होती. ३० ऑक्टोबरला नायस्लींनी ई-मेल पाठवून इतरांना विचारले, तुमच्याकडेही असेच होते का? बातमी पसरली आणि डिसेंबरात इंटेलला चिपा बदलून द्यायचे जाहीर करावे लागले. कंपनीला ४७ कोटी ५० लाख डॉलरचा भुर्दंड पडला. जुळ्या मूळ संख्यांचा जगाला काय उपयोग, असे विचारणाऱ्यांना तेव्हापासून एक उत्तर तयार आहे. ते फार उच्च प्रतीचे नाही, पण चालते.

राजवट कधी बदलणार हा प्रश्न मात्र तसाच होता. १९९९ मध्ये ओडलिझ्को, मायकेल रुबिनस्टाइन आणि पोलंडमधल्या व्रोत्सवाफ विद्यापीठाचे मारेक वोल्फ यांचा ‘जंपिंग चॅम्पियन्स’ हा शोधनिबंध ‘एक्सपेरिमेंटल मॅथेमॅटिक्स’मध्ये आला. वोल्फ पेशाने भौतिकशास्त्रज्ञ. तिघांनी हार्डी-लिटलवूडच्या सूत्रावरून हिशेब केला आणि तारीख नाही, पण ठिकाण सांगितले: सुमारे १.७४ गुणिले १० चा ३५ वा घात. तिथे तीस गादीवर बसतो. तीस पायउतार होऊन २१० येतो तो १० च्या ४२५ व्या घाताच्या आसपास. आणि त्यापुढे २३१०, मग ३००३०. म्हणजे २, ३, ५, ७, ११, १३ असे क्रमाने गुणत जायचे. अगदी सुरुवातीचा १ सोडला तर विजेत्यांच्या या वंशावळीत न बसणारा एकच आहे, तो चार. मूळ संख्यांचे राज्य लहान होते तेव्हा थोडा वेळ चमकून गेलेला.

१० चा ३५ वा घात म्हणजे किती? भास्कराचार्यांनी लीलावतीत दशगुणोत्तर संख्यांची नावे दिली आहेत, ती परार्धापाशी थांबतात. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्ये. परार्धाला परार्धाने गुणा आणि त्याची दहापट करा, की आपण राजवटीच्या सीमेजवळ येतो. सेकंदाला एक अब्ज मूळ संख्या मोजणारे यंत्र विश्वाच्या जन्मापासून चालत असते तरी ते तिथे पोहोचायला विश्वाच्या आजच्या वयाच्या काही दशलक्ष पट काळ अजून लागला असता. प्रत्यक्षातल्या यंत्रांची मजल सांगायची तर पोर्तुगालच्या तोमास ऑलिव्हेरा ए सिल्व्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ४ गुणिले १० चा १८ वा घात, म्हणजे ४० परार्ध, एवढ्यापर्यंतची सगळी अंतरे तपासल्याचे प्रसिद्ध केले. तिथेही सहाच. सीमा अजून १७ शून्यांएवढी दूर.

पण ओडलिझ्को मंडळींनी एक खिडकी उघडली. सुरुवातीपासून मोजत जाणे अशक्य असले तरी दूरच्या प्रदेशातला एखादा चिंचोळा पट्टा उचलून पाहता येतो. १० च्या ३० व्या घातापासून पुढची एक कोटी संख्यांची पट्टी घेतली: सहाची अंतरे ५,२७८, तिसाची ५,०६०. सहा पुढे, पण शर्यत अटीतटीची. मग १० च्या ४० व्या घातापासूनची तेवढीच पट्टी घेतली: सहाची ३,१२०, तिसाची ३,२०९. सीमेच्या पलीकडे तीस पुढे गेलेला होता. कडक गणिती म्हणतील की त्या पट्ट्यांतल्या संख्या ‘बहुधा मूळ’ ठरवणाऱ्या चाचणीवर घेतलेल्या होत्या, आणि दोन पट्ट्या म्हणजे सिद्धता नव्हे. खरे आहे. तरीही सहाच्या राजवटीचा अंत कागदावरच्या सूत्राबाहेर आकड्यांत पहिल्यांदा दिसला तो इथे, आणि माझ्या मते या सगळ्या कथेतला हा सर्वांत देखणा प्रयोग.

पुढची पायरी सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीच्या डॅनियल गोल्डस्टन यांनी अँड्र्यू लेडोन यांच्यासह चढली. हार्डी-लिटलवूडच्या अटकळीचे पुरेसे बळकट रूप गृहीत धरले, तर मोठ्या संख्यांच्या प्रदेशात विजेते अंतर या गुणाकारांच्या वंशावळीतलेच असते, हे त्यांनी सिद्ध केले. तो निबंध २०१५ मध्ये ‘मॅथेमॅटिका’त छापला गेला. ‘गृहीत धरले तर’ हे तीन शब्द पुन्हा आलेच.

त्या शब्दांशिवाय आपल्याला काय ठाऊक आहे? फार थोडे. सहाचे अंतर अनंत वेळा पडते, एवढेही कुणाला सिद्ध करता आलेले नाही. दोनचे नाही, चारचे नाही, तिसाचे नाही. एप्रिल २०१३ पर्यंत तर कुठलेच ठरावीक मर्यादेतले अंतर अनंत वेळा येते असे म्हणता येत नव्हते. ते म्हटले यितांग झांग यांनी. न्यू हॅम्पशायर विद्यापीठातले पन्नाशी ओलांडलेले व्याख्याते. शिक्षणानंतर मनाजोगी नोकरी न मिळाल्याने काही काळ सँडविचच्या दुकानात हिशेब सांभाळलेले. ७ कोटींच्या आतले किमान एक अंतर अनंत वेळा परत येते, असे त्यांनी सिद्ध केले. मग टेरेन्स टाओंच्या पुढाकाराने जगभरच्या गणितज्ञांनी ‘पॉलिमॅथ’ प्रकल्पात मिळून ही मर्यादा खाली आणायला सुरुवात केली, जेम्स मेनार्ड यांनी नवी युक्ती आणली आणि २०१४ मध्ये आकडा २४६ वर येऊन ठेपला. तिथेच तो अजून आहे.

२४६ पर्यंत पोहोचलेल्या ‘पॉलिमॅथ’च्या निबंधात आणखी एक निष्कर्ष होता. इलियट-हॅल्बरस्टॅम नावाची अटकळ तिच्या सर्वांत व्यापक रूपात खरी मानली, तर २४६ ची मर्यादा ६ पर्यंत उतरते. त्याखाली या पद्धतीला जाताच येत नाही, कारण नको त्या संख्या गाळत जाणाऱ्या अशा चाळण्या सम आणि विषम संख्येने अवयव असलेल्या संख्यांत फरक ओळखू शकत नाहीत. म्हणजे ती अटकळ धरूनसुद्धा एवढेच म्हणता येते की २, ४ आणि ६ यांपैकी निदान एक अंतर कधीही संपत नाही. कोणते, ते ही पद्धत सांगत नाही.